एकाच पावाची गावोगावची नावं

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी दारात भाड्याची जीप येऊन उभी होती, सगळी आळी गोळा झाली होती, आणि माझी आई मात्र अजून चुलीपुढंच होती. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या ती एकेक करून फडक्यात रचत होती. प्रत्येक दशमीवर शेंगदाण्याच्या चटणीचा थर. दिलीप, म्हणजे माझा नवरा, तेव्हा नवा जावई. भीत भीत म्हणाला, "आवं मामी, विमानात जेवाण देत्यात." आईनं वरसुद्धा पाहिलं नाही. "देत्यात तर देऊ द्या की. त्येंचं त्येंच्यापाशी," म्हणाली आणि फडक्याला गाठ मारली.

आण्णा, माझे वडील, खास त्यासाठी तमिळनाडूतल्या सेलमहून आले होते. दुसऱ्यांचे बाप अशा वेळी सांगतात, नीट राहा, जपून राहा, नवऱ्याला सांभाळ. आमच्या आण्णांनी जीपच्या दारावर हात ठेवून वेगळंच सांगितलं. "मंगे, परमुलखात गेलं की खोली मागनं बघायची. आदी एक दुकान धरायचं. खायाचं दुकान. रोज त्याच दुकानात जायाचं, त्योच पदार्थ मागायचा. थोड्या दिसांत दुकानदार तुला वळखाय लागतो. एका माणसानं वळखलं की गाव आपलं."

मला तेव्हा हसू आलं होतं. अमेरिकेत काय खाणावळी असतात का, असं वाटलं. पण आण्णांना परमुलूख नुसता ऐकून ठाऊक नव्हता, त्यांचा उभा जन्म तिथं गेला होता.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वडूजच्या बाजूची आमची जमीन कोरडवाहू. पाऊस आला तर ज्वारी, नाही तर आभाळाकडं बघत बसा. तिकडं कडेगावला, माझ्या सासरी, ऊस डोलतो. आमच्याकडं कुसळं डोलायची. मग घरटी एक तरी माणूस एक तर मिलिटरीत नाही तर गलाईला. गलाई म्हणजे सोनाराचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. एका घरचा मामा आधी जायचा, मग तो भाच्याला बोलवायचा, भाचा मेव्हण्याला. असं करत करत आमचं अर्धं गाव सेलमच्या एका गल्लीत जाऊन बसलं. दुकानाच्या माडीवर सगळ्यांनी मिळून झोपायचं, खाली भट्टी पेटवायची. तिथले लोक आण्णांना 'सेठ' म्हणत. आमचे आण्णा आणि सेठ! अंगावर तेजाबानं भोकं पडलेला बनियन. आणि गावी आले की त्यांचं नाव 'मद्रासवाले'. सेलम म्हणजे मद्रास नव्हे, हे आण्णांनी गावाला सांगून सांगून शेवटी सोडून दिलं.

ते गावी यायचे औंधच्या यमाईच्या यात्रेला, आणि मधे कुणाचं लग्न निघालं तर. नक्की कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं, काही सांगता यायचं नाही. तो आठवडा आला की आई दाराला कडी लावायची नाही. मी झोपायच्या आधी कडी घालायला गेले की म्हणायची, "कडी नगं. लोटून घे फकस्त." मला भीती वाटायची. आईला कधी वाटली नाही, की वाटत असून बोलली नाही, कोण जाणे. विचारायचं राहूनच गेलं.

तर अमेरिकेत आल्यावर मी खरंच एक दुकान धरलं. न्यू जर्सीत, आमच्या खोलीपासून चालत जाण्यासारखं. हातभर लांब पाव उभा चिरायचा, आत टोमॅटो, कांदा, चीज, मांसाचे पातळ काप, वरनं तेल आणि ओव्यासारख्या वासाचा पाला. मी मांस काढून टाकायला सांगायची आणि भाजलेली मिरची भरून घ्यायची. त्याला तिथं 'सब' म्हणत. सबमरीन, म्हणजे पाणबुडी. आकारावरनं पडलेलं नाव. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे पावात कोरड्यास घालून खाता व्हय? मग आसं म्हण की."

आण्णा म्हणाले तसंच झालं. दुकानदार ओळखायला लागला, मी दारातनं आत आले की मिरचीच्या डब्याला हात घालायचा. गाव आपलं झालं म्हणेपर्यंत दिलीपची बदली झाली. कनेटिकट. तिथं मोठ्या तोऱ्यात दुकानात शिरले आणि 'सब' मागितला. काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी आमची चुलती कोरड्यासाला 'भाजी' म्हणणाऱ्या पुण्याच्या पाहुणीकडं बघायची. म्हणे, इथं 'ग्राइंडर' म्हणतात. पाव इतका कडक, की चावता चावता दाढा जात्यासारख्या फिरतात, म्हणून ग्राइंडर. एकदा न्यूयॉर्कला फिरायला गेलो तर तिथं त्याचंच नाव 'हीरो'. एवढा मोठा पाव संपवणारा हीरोच असला पाहिजे म्हणून, असं तिथले सांगतात. न्यूयॉर्कच्या जरा वर गेलं की 'वेज', म्हणजे पाचर. आता एका पावाला एवढी नावं कशाला हवीत, सांगा! पण मग मला वाटलं, आपण तरी काय वेगळं करतो. मी माहेरी मंगी, सासरी धाकली वहिनी, आणि ज्या दाताच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते तिथं मॅगी. मंगल हे नाव धडपणी घेणारं या देशात मला अजून भेटायचंय.

शेवटी फिलाडेल्फियात येऊन आम्ही स्थिरावलो. इथं तोच पाव 'होगी'. इथलं दुकान निकचं. निक म्हणजे माझ्या आण्णांच्याच वयाचा एक इटालियन म्हातारा, पोट सुटलेला, भुवया झुडपासारख्या, बोलायला लागला की दोन्ही हात हवेत. मी पहिल्या दिवशी 'ग्राइंडर' मागितला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून गोळी लागल्याचं नाटक केलं होतं. होगी हे नाव कसं पडलं, विचारलं तर दर वेळी नवी गोष्ट. नदीकाठी हॉग आयलंड नावाच्या बेटावर जहाजं बांधायचा कारखाना होता, तिथले इटालियन कामगार हा पाव डब्यात न्यायचे म्हणून होगी, अशी एक गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुसरी. मी म्हटलं, यातली खरी कुठली? तर म्हणाला, सगळ्या खोट्या आहेत, पाव तेवढा खरा आहे. हा माणूस मला तिथंच आवडला.

मागल्या वर्षी आई गेली.

त्याच्या थोडी वर्षं आधी आण्णांनी सेलमचं दुकान भाच्याला देऊन टाकलं होतं आणि ते गावी येऊन राहिले होते. आयुष्यभराच्या कमाईचा बंगला बांधलेला, त्यात दोघंच. आता म्हातारा-म्हातारी निवांत बसतील, असं मी म्हणत होते, आणि आई आपली एका दुपारी शेंगा फोडता फोडता गेली. मला भाऊ नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि त्या एवढ्या मोठ्या बंगल्यात आण्णा एकटे पायरीवर बसलेले, असं चित्र डोळ्यांपुढनं हलेना. मी ठरवलं, बास. आता आण्णा माझ्याकडं. कायमचे. ते म्हणाले, "बघू." मी त्यालाच होकार धरला. परतीचं तिकीट सहा महिन्यांनंतरचं काढलं खरं, पण ते वापरायचं नाही असं मनाशी पक्कं केलं. तेवढ्या दिवसांत आण्णांच्या तोंडून 'राहतो' एवढा एक शब्द काढायचा होता.

ते आले ते ऐन थंडीत, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून. आणि त्यांनी जेवण टाकलं. भांडण नाही, तक्रार नाही, नुसती भूक नाही. मी ज्वारीचं पीठ हुडकून आणलं, भाकरी केली, भरलं वांगं केलं, मटणाचा रस्सा केला. दोन घास खायचे आणि ताटाला नमस्कार करायचे. "लय झालं बाळ." माझा जीव तीळ तीळ तुटायचा. दिलीप म्हणायचा, जरा दम धर. मी त्याच्यावरच खेकसायची. तुझी आई आहे ना धडधाकट कडेगावला, तुला काय कळायचंय! मग तो बिचारा उठून ताटं धुवायला जायचा आणि मला आणखीनच वाईट वाटायचं.

दिवसभर आम्ही दोघंही कामावर. आण्णा घरात एकटे. एकदा मी घरी आले तर घरातला व्हॅक्युम उघडा पडलेला, आतली धुळीची पिशवी काढून नीट बांधून कोपऱ्यात ठेवलेली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "टाकू नगंस. बघून टाकू." मला कळलं, आणि कळून गलबलून आलं. गलाईवाल्याच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. त्या केरात सोन्याचा कण असतो. रोजचा केर डब्यात साठवायचा, वर्षाकाठी तो जाळून राख गाळायची आणि मुशीत वितळवायची. तळाशी सोन्याचा एक मणी राहतो. माझ्या कानातली फुलं त्याच केरातल्या सोन्याची आहेत. आण्णांनी आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं वितळवलं, आमच्या वाट्याला आलं ते केरातलं. ही फुलं मी इथं रोज घालते. दवाखान्यातल्या पोरी म्हणतात, किती नाजूक आहेत.

आणि मग एका शुक्रवारी मी घरी आले तर टेबलावर कागदात गुंडाळलेला अर्धा पाव. आण्णा खुर्चीत बसलेले, मिशीला तेल लागलेलं. "खा," म्हणाले. "ढबू मिरची हाय आन् अंडं. ब्येस लागतं."

आण्णा आपले आपण कानटोपी घालून बाहेर पडले होते आणि त्यांनी दुकान धरलं होतं. तेसुद्धा निकचंच! रस्त्यावरचं तेवढं एकच खायचं दुकान ना. शुक्रवारी निक मुद्दाम ढबू मिरची आणि अंड्याचा पाव करतो, कारण ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे दर शुक्रवारी जुने इटालियन लोक मांस खात नाहीत. आमचा मंगळवार, त्यांचा शुक्रवार. आण्णा नेमके त्याच वारी पोचले.

दुसऱ्या दिवशी निकनं मला हाक मारून विचारलं, तुझे वडील माझ्याशी कोणत्या भाषेत बोलतात? मी म्हटलं, मराठीत. तो म्हणाला, आल्या आल्या हात जोडून 'वणक्कम' म्हणतात, ते मराठी का? मी कपाळावर हात मारला. परमुलूख म्हटला की आण्णांच्या तोंडात आपोआप तमिळ येत होतं! पायरीबाहेर पाय टाकला की त्यांच्या लेखी सेलम. मी घरी येऊन म्हटलं, आवं आण्णा, ही अमेरिका हाय, हितं तमिळ कुणाला कळतंय? ते म्हणाले, "मराटी तरी कुणाला कळतंय? मग तमिळ काय वाईट?"

पण जेवायला लागले. खरं सांगते, त्या महिन्यात मी देवाइतकीच निकला हात जोडत होते. आण्णा रोज सकाळी जायचे, खिडकीपाशी बसायचे, एक पाव घ्यायचे, अर्धा खायचे, अर्धा माझ्यासाठी बांधून घ्यायचे. आणि रिकामं बसायची सवय नसलेला माणूस. थोड्याच दिवसांत टेबलं पुसायला लागले. निक नको नको म्हणायचा, तर आण्णा त्याला तमिळमध्ये दटावायचे.

मग एका दुपारी दवाखान्यात निकचा फोन. आवाज जरा काळजीचा. म्हणाला, मॅगी, तुझे वडील कचरा साठवतात. रोज माझं दुकान झाडतात, फार छान झाडतात, पण केर टाकत नाहीत. पिशवीत भरून तोंड बांधून काउंटरच्या मागं ठेवतात. आता पिशव्या बऱ्याच झाल्यात. आरोग्य खात्याचा माणूस आला तर मी काय सांगू?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच सुट्टी टाकून पळत गेले. बघते तर काउंटरच्या मागं कागदी पिशव्यांची रांग, पावाचा चुरा, सॅलडची पानं, कांद्याची सालं, सगळं शिस्तीत बांधलेलं. आण्णा शेजारी उभे, कामगिरी बजावल्यासारखे. मी निकला सगळं सांगितलं. गलाई, भट्टी, केर, सोन्याचा मणी. कानातली फुलं दाखवली. तो आधी हसला. इतका हसला की खोकला लागला आणि आण्णांना त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. मग हसता हसता थांबला. माझ्या कानांकडं बघत राहिला. आणि काउंटरच्या खाली वाकून त्यानं एक मोठी काचेची बरणी वर काढली.

बरणीत पावाचा चुरा होता. पाव कापताना फळीवर पडतो तो. वाळवून, चाळून भरलेला. निक म्हणाला, माझ्या आजीनं आयुष्यात पावाचा एक कण टाकला नाही. हा चुरा ती तेलात भाजायची आणि शेवयांवर पेरायची. चीज मोठ्या लोकांच्या घरी असायचं, आमच्या घरी हा. अजून मी टाकू शकत नाही. पोरगी रागावते, पण हात धजत नाही.

हे मी आण्णांना मराठीत सांगितलं. आण्णांनी बरणी हातात घेतली, उजेडाकडं धरून फिरवली, जशी आयुष्यभर मूस फिरवली असेल तशी. मग निककडं बघून मान हलवली. "गलाईवाला हाय," म्हणाले. "आपलाच मानूस."

त्यानंतर कामाची वाटणी झाली. जमिनीवरचा केर टाकायचा, फळीवरचा आण्णांनी गोळा करून बरणीत भरायचा. जमिनीवरचा टाकताना मात्र ते एकदा पिशवीत डोकावून बघायचे. सवय ती सवय.

त्या दुकानात बसून, मधे मला दुभाषी करून, ते दोघं जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. निकचा आजा इटलीतल्या अब्रुझ्झो नावाच्या डोंगरी मुलखातला. दगडधोंड्यांची जमीन, पाण्याची मारामार, मेंढरं. आण्णा म्हणाले, "माणदेशच की!" त्याच्या गावातला एक जण आधी आला, त्यानं भाच्याला बोलावलं, भाच्यानं मेव्हण्याला. सगळे दुकानाच्या माडीवर झोपायचे. दिवसभर गोदीत काम, डब्यात हा पाव. कोरडा पाव घशाखाली उतरावा म्हणून तेल, आणि एका हातानं खाता यावं म्हणून सगळं पावाच्या पोटात. नावं पुढच्या लोकांनी ठेवली. ज्या गावात जो इटालियन गेला तिथल्या लोकांनी तिथलं नाव दिलं. मी विचारलं, तुझा आजा काय म्हणायचा? निक म्हणाला, आजा नुसतं 'पाने' म्हणायचा. पाने म्हणजे पाव.

"बायकू हुती काय आज्याची? आणली का त्यानं हिकडं?" आण्णांनी विचारलं. निक म्हणाला, बऱ्याच वर्षांनी आणली. तोवर ती तिकडं एकटीच होती. आण्णा मग बराच वेळ फळीवरचा चुरा गोळा करत राहिले, फळी स्वच्छ झाली तरी.

उन्हाळा आला. कानटोपी गेली, आण्णांच्या गालांवर मांस आलं. मला वाटलं, जमलं. दुकान धरलं, मित्र मिळाला, भूक लागायला लागली; आता कशाला जातात! जूनमधल्या एका शनिवारी निकच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं उन्हाला बसलो होतो. मी सरळच विचारलं. "आण्णा, तिकिटाची तारीख जवळ आली. रद्द करू ना? ऱ्हाताय न्हवं?"

आण्णांनी पावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "न्हाई बाळ," म्हणाले. "जातो मी."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यावर मी आवाज चढवला. काय आहे तिथं? कोण आहे? भिंतींशी बोलणार का? आजारी पडलात तर पाणी कोण देणार? मी इथं जीव मुठीत धरून बसू का रोज? तुम्हाला माझी काही पडलेलीच नाही. आयुष्यभर परमुलखात राहिलात तेव्हा काही वाटलं नाही, आता लेकीकडं राहायचं तर गाव आठवतंय!

शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. आण्णा रागावले नाहीत. रस्त्याकडं बघत हळूहळू बोलले.

"त्येच सांगतोय मंगे. मी उभा जलम भाईर काढला. आन् तुजी आय दार लोटून बसली माज्यासाठी. कवा यील, कुटल्या गाडीनं यील, ठाव न्हाई, तरी कडी लावली न्हाई तिनं. मी आलो की दार ढकलायचो आन् आत. कवा हाक मारावी लागली न्हाई मला. मला वाटायचं, दार असंच आसतं. त्येला कोण तरी उगडं ठेवतं, ह्ये ती गेल्यावर कळलं. आता तू भाईर हायस. मग घरात कोण बसायचं? माजी पाळी हाय ती. तू कवा बी ये. कुटल्या बी गाडीनं ये. दार ढकल आन् आत ये. मी बी हितं येऊन बसलो तर दाराला कुलूप लागंल बाळ."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, त्या बाकावर, येणारेजाणारे बघत असताना. आईसाठी मी इतकी रडले नव्हते. निक काचेतनं बघत होता. तो बाहेर आला, कागदी रुमालांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवून आत गेला.

निघायच्या दिवशी आम्ही गाडी निकच्या दारात थांबवली. आण्णांनी त्याला माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी बरणीभर दिली. निकनं आण्णांचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. आण्णा एवढे लाजले, की गाडीत बसेपर्यंत गाल पुसत होते. निघताना निकनं कागदात गुंडाळलेला भला मोठा पुडा त्यांच्या हातात कोंबला. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी ढबू मिरची आणि अंडं. मी म्हटलं, अरे निक, विमानात जेवण देतात. ते वाक्य तोंडातनं गेलं आणि मला जीप आठवली, चूल आठवली, फडक्याची गाठ आठवली. मी आण्णांकडं पाहिलं. त्यांनाही तेच आठवलं असणार, कारण पुडा छातीशी धरून ते म्हणाले, "देत्यात तर देऊ द्या की. त्येंचं त्येंच्यापाशी."

ते गेल्यावर पहिले काही दिवस मी निकच्या दुकानाकडं फिरकले नाही. मग गेले. त्यानं नेहमीसारखा पाव केला, मधोमध कापला आणि अर्धा न विचारता बांधून दिला. मी तो घरी आणून दिलीपला दिला.

आण्णांची काळजी मला होतीच. पण फोनवर आवाज बरा येत होता. मधेच एकदा विचारलं, ढबू मिरची तेलात टाकायची तेव्हा सालीसकट टाकायची की सोलून? मी म्हटलं, कशाला? म्हणाले, उगं आपलं. मग कळलं, वडूजच्या बेकरीत जाऊन त्यांनी बेकरीवाल्याला हात पसरून दाखवला होता, एवढा लांब पाव पाहिजे. तो म्हणाला, असला पाव कोण खातं? आण्णा म्हणाले, तू भाज, खाणारे मी आणतो. आता बाजाराच्या दिवशी बंगल्याच्या ओट्यावर शेगडी पेटते. ढबू मिरची, अंडं, शेंगतेल, आणि निकच्या पावात नसते ती चटणी. बाजारातनं परतणारी माणसं टेकतात, खातात, गप्पा मारतात. फळीवर पडलेला चुरा एका बरणीत जातो, हे सांगायला नकोच.

गेल्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला. आण्णा ओट्यावर बसलेले. गावी बाजाराचा दिवस नव्हता, तरी शेजारची एक चिमुरडी त्यांच्या खांद्यावरनं फोनमध्ये डोकावत होती. मी गाव सोडल्यावर कैक वर्षांनी जन्मलेली; मी तिला ओळखत नाही, ती मला नाही. तिला माझ्याशी काही देणंघेणंही नव्हतं. ती आण्णांचा सदरा ओढत होती. "आजोबा, आज मंगीचा पाव न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "काय म्हणाली ती?"

आण्णा हसले. "आगं, लोक इचारायचे, ह्ये काय हाय म्हनून. होगी-बिगी काय माज्या तोंडात बसंना. म्हनलं, माजी मंगी खाती तिकडं. तर तेच नाव पडलं. आता सगळी मंगीचा पावच म्हनत्यात." मग त्यांनी फोन त्या पोरीच्या तोंडासमोर धरला. "ही बग. ही मंगी."

ती माझ्याकडं डोळे मोठे करून बघत राहिली. मंगी हा माणूस असतो, हे तिला त्या क्षणी कळत होतं. "ही व्हय?" म्हणाली. "मग ही हितं कवा येनार?"

गाव सोडलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना एक भीती असते, तुम्हीही ओळखाल ती. की आपण गेलो, आई गेली, आता गावात आपलं नाव घेणारं कुणी उरणार नाही. आणि इथं एक परकी पोर दर बाजाराला माझं नाव घेऊन खायला मागत होती. न्यूयॉर्कमध्ये हीरो, कनेटिकटात ग्राइंडर, निकच्या गल्लीत होगी, आणि खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात मंगीचा पाव.

"ती कवा बी यील," आण्णा तिला सांगत होते. "कुटल्या बी गाडीनं."

त्यांच्या मागं घराचं दार दिसत होतं. नुसतं लोटलेलं.